सुळक्यावरची लगोर

स्कूलबस चालवायचं सोडल्यावर डेल्माला फोटोंचा नाद लागला. आमच्या पोर्ट हॅलम गावच्या फोटो मंडळाने त्या वर्षी विषय दिला होता, ‘एकावर एक’. बाकीच्यांनी दोन-चार फोटो देऊन हात झटकले, पण ही बाई थांबेचना. धक्क्यावर रचलेली शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडायच्या पिंजऱ्यांची थप्पी, फुटबॉल क्लबातल्या बशांची चळत, सभागृहातल्या एकात एक अडकवलेल्या खुर्च्या, माळावरच्या गवताच्या गंज्या, सगळं तिने टिपलं.

“एकमेकांवर रेलून बसू नका रे,” तिचा धाकटा भाऊ नेव्हिल क्लबात सांगायचा. “डेल्मा कॅमेरा घेऊन येईल.”

नेव्हिल लीनर्ट माझा मालक. त्याच्या बोटीवर मी शेवंडी पकडायला जायचो. त्याची बायको त्याला सोडून शहरात गेली होती, माझं लग्नच झालं नव्हतं, त्यामुळे रविवारचं जेवण आम्हा दोघांचंही डेल्माकडे. जेवण झालं की नेव्हिल तिच्या कोचावर आडवा व्हायचा आणि ती भूशिरावर जाऊन सुळक्याचा फोटो काढून यायची. चुनखडीचा तो सुळका किनाऱ्यापासून तुटून समुद्रात एकटाच उभा होता. खडकाच्या थरांवर थर, म्हणून तोही तिच्या विषयात बसत होता. लाटांनी त्याची कंबर इतकी कुरतडली होती की खाली बारीक आणि वर रुंद. त्यावर चढायचं तर पालीच्या जन्माला यायला हवं. माथ्यावर वस्ती फक्त पाणकावळ्यांची.

ईस्टरच्या आधीच्या एका रविवारी ती परत आली, फोटो कॉम्प्युटरवर टाकले आणि मला हाक मारली.

“रेक्स, हे काय आहे बघ जरा.”

तिने चित्र मोठं केलं. सुळक्याच्या माथ्यावर चपटे दगड एकावर एक रचलेले होते. पोरं खेळायला लगोर लावतात तशी, खाली मोठे, वर लहान.

“पक्ष्यांनी केलं असेल,” मी म्हणालो.

“पाणकावळे गवंडी कधी झाले?” कोचावरून नेव्हिल म्हणाला. आम्हाला वाटलं होतं तो झोपलाय.

पुढच्या रविवारी लगोर उंच झाली होती. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी उंच, आणि माथ्यावर एकही पाणकावळा नव्हता. डेल्माने जुने फोटो काढून शेजारी लावले. आधीच्या प्रत्येक फोटोत माथा पक्ष्यांनी काळा झालेला, आणि आता नुसता पांढरा, रिकामा दगड.

“कुणीतरी दोर टाकून चढत असेल,” नेव्हिल म्हणाला. “शहरातली पोरं. त्यांना मरायचीही हौस असते.”

पण गावात कुणीच दोर घेऊन आलेलं नव्हतं. आमच्या गावात परकी गाडी आली तर पेट्रोल पंपावरची बाई दुपारपर्यंत सगळ्यांना सांगते.

आमचे काही पिंजरे सुळक्याच्या आडोशाला होते, तिथे शेवंड चांगली लागायची. त्या आठवड्यात पिंजरे उचलायला गेलो तेव्हा सकाळचं लख्ख ऊन होतं आणि समुद्र सपाट. नेव्हिलने इंजिन बंद केलं. मग वरून आवाज आला. दगडावर दगड ठेवल्याचा. थोडा वेळ गेला की पुन्हा तसाच.

“ऐकलंस?” तो म्हणाला.

“ऐकलं. चल जाऊ.”

“थांब की जरा. बायकोने बोलावल्यासारखा काय पळतोस.” त्याने दोरी ओढायचा आकडा उचलला आणि बोटीच्या कठड्यावर ठक ठक वाजवलं. वरून ठक ठक आलं.

“प्रतिध्वनी आहे,” मी म्हणालो.

त्याने हसून आकडा पुन्हा उचलला, पण कठड्यावर मारला नाही. तो तसाच हवेत धरून राहिला. आणि वरून आवाज आला, ठक, ठक ठक. घाई नसलेला, पुढच्याने उत्तर द्यावं म्हणून थांबणारा. नेव्हिलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आकडा हळूच खाली ठेवून त्याने इंजिन सुरू केलं. पिंजरे न उचलताच आम्ही परतलो.

रविवारी डेल्मा भूशिरावरून आली ती कॅमेरा छातीशी धरून. आम्हाला दाखवायचं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी नेव्हिलनेच तिच्या हातातून कॅमेरा घेतला.

लगोरीशेजारी एक माणूस होता. आपल्याकडे पाठ केलेला, वाकलेला, अंगात नारिंगी रबरी कोट. कोळ्यांच्या अंगात असतो तसा. पण पाठीवर काळ्या पट्टीचं ठिगळ होतं, वाकडं. ते मी चिकटवलं होतं. मागच्या हंगामात नेव्हिलचा कोट खिळ्याला लागून फाटला तेव्हा.

“कधी काढलास?” नेव्हिलने विचारलं.

“आत्ता. तू इथे घोरत होतास,” डेल्मा म्हणाली. “कोट दाराशी टांगलेला होता तुझा. मी जाताना पाहिला.”

आम्ही तिघांनीही दाराकडे पाहिलं. कोट तिथेच होता.

“देखणा दिसतो की मी मागून,” नेव्हिल म्हणाला. पण चहा त्याने तसाच ठेवला.

“नेव्ह, तिकडे जाऊ नकोस,” डेल्मा म्हणाली. “पिंजरे गेले तर जाऊ देत.”

“डेल, मला कळायला नको? वर मी बसलोय आणि मलाच पत्ता नाही.”

ती रडली नाही, भांडलीही नाही. तो फोटो तिने पुसून टाकला. पण पुसून काय होणार, नेव्हिलच्या डोळ्यांपुढे तो चोवीस तास होता. धक्क्यावर काम करताना मध्येच थांबून तो सुळक्याकडे बघत राहायचा. खाणं सुटलं. एकदा मी त्याला हाक मारली तर दचकून म्हणाला, “वाजवलं का कुणी?”

शेवटी एका सकाळी तो म्हणाला, “आज जायचं.” त्याला एकट्याला सोडवेना म्हणून मी गेलो. वारा पडलेला होता. सुळक्यापासून थोड्या अंतरावर त्याने बोट थांबवली, छोटी होडी पाण्यात सोडली आणि अंगातला कोट काढून केबिनमधल्या खुंटीला टांगला.

“वर कोटवाला आहे ना?” तो म्हणाला. “मी स्वेटरवर चाललोय. मग तो मी नाही.” मला डोळा मारून तो होडीत उतरला.

मी त्याला शिव्या घातल्या. तो वल्हवत सुळक्याच्या बुडाशी गेला आणि मान वर करून बघत बसला. वरून काहीच आवाज येत नव्हता. मी पाहत होतो, आणि तो अचानक उभा राहिला. कुणाशी तरी बोलत असावा, कारण त्याचा हात हलला. मग सुळका वाकला. गडगडाट नंतर झाला. आधी नुसतं एवढंच दिसलं की त्या दगडाची कंबर सुटली आणि वरचा सगळा भार हळूच पुढे आला, झोपेत माणसाची मान पडते तसा.

पाणी भिंतीसारखं उठलं. माझी बोट आडवी होता होता राहिली. सगळीकडे पांढरी धूळ. मी हाका मारत चकरा मारत राहिलो, आणि आशा सोडली तेव्हा तो दिसला. उलट्या होडीला एका हाताने धरून, दुसरा खांदा निखळलेला, सुळका होता तिथून कितीतरी लांब. एवढ्या लांब लाटेने त्याला जिवंत कसं आणलं हे मला आजही कळत नाही.

मी त्याला वर ओढला. तो थंडीने काकडत होता, म्हणून मी कोट आणायला केबिनमध्ये गेलो. खुंटी रिकामी होती. खालच्या फळ्या कोरड्या, म्हणजे लाट आत आलीच नव्हती, आणि दार मी जसं लावलं होतं तसंच.

“त्याला काढलंस का?” नेव्हिल विचारत होता.

“कुणाला?”

त्याने मान वळवून मागे पाण्याकडे पाहिलं.

खांदा जागेवर बसला, पण नेव्हिल पुन्हा समुद्रावर गेला नाही. बोट मी चालवायला घेतली. डेल्माने त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. फोटो मंडळ तिने सोडलं नाही. आता पुढचा विषय आहे, ‘दारं’, आणि ती गावभर दारं टिपत हिंडते. गावात लोक म्हणतात, चुनखडीचा सुळका, कधीतरी पडणारच होता. मीही तेच म्हणतो.

हिवाळ्यात एका रविवारी जेवणानंतर नेव्हिल आपण होऊन बोलला. “मला लांब ढकललं त्या कोटवाल्याने. होडीला धक्का दिला, दगड सुटायच्या आधी. वरून कसा खाली आला माहीत नाही, पण कमरेपर्यंत पाण्यात उभा होता.”

“तोंड दिसलं?” मी विचारलं.

“दिसलं.”

“तुझंच?”

नेव्हिलने कप खाली ठेवला.

“माझंच,” तो म्हणाला. “पण माझ्यापेक्षा फार म्हातारं, रेक्स. किती वर्षं माझी वाट बघत तिथे बसला होता कोण जाणे.”

डेल्मा उठली आणि त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिने त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.