कात्रीबाईंनी ठेवलेला शब्द

वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या तपासणाऱ्या बाईंना सगळे कात्रीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. बातमीदारानं 'भीषण अपघात' लिहिलं की बाई 'भीषण' उडवायच्या. अपघात काय गोंडस असतो का, असं विचारायच्या. जे विशेषण काढूनही वाक्य उभं राहतं ते फुकट जागा अडवतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

जित्याची खोड ती, घरी तरी कशी सुटणार? नवरा होता तेव्हा जेवण कसं झालंय विचारायचा, तर बाई म्हणायच्या, झालंय. तो गेला. मुलगा परगावी नोकरीला लागला. फोनवर कशी आहेस म्हणायचा, तर उत्तर यायचं, आहे. परवा मात्र त्यानं जरा खोदून विचारलं होतं. दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या, एक आईच्या गावात, दुसरी सातासमुद्रापार. तुला एकटीला जमेल ना, या प्रश्नावर बाई म्हणाल्या होत्या, जमतंच आहे की.

आज दुपारी एक छोटी बातमी आली. 'एकटी बाई न्हाणीघरात पडून राहिली. दोन दिवस कुणाला पत्ता नाही.' बाईंनी सवयीनं 'एकटी' उडवलं. बातम्यांचं पान लावणारे काका ते वाचून चक्रावले.

"अहो, मग घरातली माणसं कुठं गेली होती?"

बाईंनी परत वाचलं. सगळी बातमी त्या एका शब्दात होती. त्यांना आपलं न्हाणीघर आठवलं, आतून लावलेली कडी आठवली आणि चक्क भीती वाटली. शब्द जागेवर ठेवून त्या जिन्यात आल्या आणि मुलाला फोन लावला. इथलीच नोकरी घे, मी फार एकटी आहे, एवढं आज सांगायचंच होतं.

मुलगाच आधी बोलला. तिकडची नोकरी धरली होती, होकार सकाळीच कळवला होता. आवाजात धाकधूक होती.

बाईंनी आपलं वाक्य उडवलं. "छान झालं," त्या म्हणाल्या.



"आई, तू छान म्हणालीस," तो हरखून म्हणाला. "उगाच घाबरत होतो मी. आता निर्धास्त जातो बघ."

बाई जागेवर परतल्या. काकांनी पान पुढं सरकवून विचारलं, तो शब्द ठेवायचा ना?

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तो नसला तर कुणाला काही कळत नाही."