आभाळाचा की कोबीचा?

मी बोलतोय खरा, पण कोण म्हणून बोलू? कुणी मला आभाळाचा म्हणतं, कुणी कोबीचा. मी आहे दगड, एवढंच नक्की.

जन्माचं मला काही आठवत नाही. पहिली आठवण पनासच्या तळहाताची. कॅनडातल्या ससकॅचेवान प्रांतात, त्याच्या गव्हाच्या शेतात मी पडलो होतो. आदल्या संध्याकाळी त्यानं जळतं काहीतरी खाली येताना पाहिलं होतं म्हणे. मला उचलून तो धावतच घरी आला.

"स्टेफानिया, हा वरून आलाय!"

"वरून म्हणजे माळ्यावरून?" बायको म्हणाली.

शेजारचा सेमको तर पोट धरून हसला. "अरे, आत कुणी बसून आलंय का बघ! चहापाणी विचार त्याला."

मग गावाला खेळच मिळाला. चर्चमधून बाहेर पडताना माणसं विचारायची, "काय पनास, पाहुणे उतरले का?" हळूहळू पनासनं माझं नाव काढणंच सोडलं.

स्टेफानियानं मला कामाला लावलं. मी सपाट आणि जड. कोबी आंबवायच्या मोठ्या बरणीत लाकडी चकतीवर दडपण म्हणून बसलो. खारट-आंबट पाणी वर चढायचं, माझ्या भेगांत शिरायचं. आत काहीतरी बुडबुडायचं. तो मी की कोबी, मला कळायचं नाही.

पनास वारला. पुढच्या वसंतात ब्रिजिट नावाची संशोधक गावच्या सभागृहात आली. शेतात सापडलेले विचित्र दगड दाखवा, म्हणाली. स्टेफानियानं मला साबण लावून खसाखसा घासलं आणि तिच्यापुढे ठेवलं. बरणीचं मात्र बोलली नाही. लाजली असावी.

प्रयोगशाळेत माझा एक काप काढला. दुखलं नाही, पण त्या कापातला मी खरा की उरलेला, हा नवाच घोळ झाला.

काही आठवड्यांनी ब्रिजिट मला घेऊन परत आली. स्टेफानियाच्या टेबलाशी सेमको सूप पीत बसला होता.

"आजी, हा खरंच आभाळातून आलाय. आणि याच्या भेगांत जिवंत काहीतरी आहे! इथलं की तिथलं, ते अजून ठरायचंय. पण माझी तर झोपच उडालीय."

सेमकोचा चमचा तोंडाशीच थांबला. स्टेफानियाची नजर कोपऱ्यातल्या बरणीकडे गेली. गप्प राहिली असती तर गावानं पनासचं नाव डोक्यावर घेतलं असतं. मी तिच्याकडे बघत होतो. शेवटी ती उठली.

"पोरी, इकडे ये."

तिनं बरणीचं झाकण काढलं. घरभर आंबट वास पसरला. "हा इथे बसायचा. वर्षानुवर्षं."

ब्रिजिट बरणीत बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "म्हणजे मी कोबीचे जंतू बघत होते!"

"रागावलीस?"

"नाही हो. चारचौघांत सांगून बसले असते, तर मेलेच असते."

"पण वरून आला, ते तरी खरं ना?"

"ते पक्कं. याच्या पोटातला धातू आणि वरची जळकी साल सांगते तसं."

स्टेफानिया वळली. "ऐकलंस, सेमको?"

सेमकोनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "ऐकलं. पण ज्याला सांगायचं, तो कुठाय आता?"

ब्रिजिटनं मला संग्रहालयासाठी मागितलं. "काप ठेव तुझ्याकडे," स्टेफानिया म्हणाली. "याला एकाला भेटायचंय."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मला पनासच्या थडग्यावर ठेवलं. "खरा निघालास रे," एवढंच ती बोलली. सेमको मात्र बराच वेळ तिथे उभा होता.

आता ती दोघंही इथेच, जवळच्या थडग्यांत आहेत. हिवाळे येतात, बर्फ मला झाकतो, मग वितळतो. हल्ली माझ्या पाठीवर नारिंगी दगडफूल धरलंय, बोटाच्या पेराएवढं. इथलंच असेल, नाही का? वाऱ्यानं आणलं असेल. कुणी जाणकार या वाटेनं आलात, तर वाकून जरा बघा. आणि मलाही सांगा, कारण मला खरंच माहीत नाही.