आठवा डाव राहून गेला

मित्रांनो, तलवारीच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. तलवार अशी चमकली, तशी सळसळली, अमक्याची मान गेली, तमक्याची शेंडी उडाली. पण लढाई संपल्यावर ती तलवार राहते कुठे, हे कधी कुणी विचारलंय? माझ्या पोटात राहते. मी एक जुनं म्यान आहे. माझ्यावरचं काळं रोगण पोपडे धरून उडालंय, तोंडाचं पितळी कडं हिरवं पडलंय आणि स्वभावही, खरं सांगतो, पूर्वीसारखा गोड राहिलेला नाही. तेव्हा बोलणं कुठे तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म डोंगरातल्या लोहारांच्या गावचा. तलवार घडवणाऱ्याचं नाव पात्यावर कोरलं गेलं. मला घडवणाऱ्या सुताराचं नाव मात्र कुणी मलाही सांगितलं नाही. नासपतीच्या मुरलेल्या लाकडाच्या दोन फळ्या त्यानं आतून कोरल्या, सरसानं एकमेकींना चिकटवल्या आणि वरून रोगणाचे हात दिले. चांगल्या म्यानाची खूण काय, माहीत आहे का? उलटं धरलं तरी तलवार गळता कामा नये आणि ओढली तर कुरकुर होता कामा नये. मी तसा होतो. लोहार मात्र गिऱ्हाइकाला पातंच दाखवत बसला.

मला कमरेला बांधलं ते हुओ यानलायनं. नदीतळ्यांच्या त्या दुनियेत, जिथं तलवारबाज गावोगाव हिंडतात आणि दिलेल्या शब्दासाठी मरतात, तिथं हुओचं नाव निघालं की चहाच्या दुकानातली माणसं कप खाली ठेवत. त्याला सगळे ‘संथ पाणी’ म्हणत, कारण लढताना तो कधी घाई करत नसे. गोष्टी सांगणारे तर रंगवून सांगत, की त्यानं एकदा उडत्या माशीच्या मिशा कापल्या आणि माशीला पत्ताच लागला नाही. मी तिथं होतो. माशी नव्हती, मिशाही नव्हत्या, सर्दीनं बेजार झालेला हुओ तेवढा होता.

पण जे खरं होतं तेही काही कमी नव्हतं. ‘भाताला वारा’ नावाचा त्याचा एक डाव होता. त्यात तो असा लवे, की समोरच्याचा वार डोक्यावरून निघून जाई. ‘बगळ्याचा पाय’ हा दुसरा. त्यात तो एका पायावर नुसता थांबून राही. समोरचा उतावळा होई आणि आपण होऊन पात्यासमोर येई. असे त्याचे सात डाव सगळ्या दुनियेला माहीत होते. आठवाही आहे, एवढंच लोकांना ठाऊक होतं, पण तो कुणी पाहिला नव्हता.

मित्रांनो, आठवा डाव माझा होता. हो, माझा! एका धुक्याच्या सकाळी भर नदीत, नावेवर, पेंग नावाचा एक नाणावलेला लढवय्या हुओवर चालून आला. त्याच्या दोन्ही हातांत टोकाला आकडा असलेल्या तलवारी होत्या. एका आकड्यानं तो समोरच्याची तलवार अडकवून पिळून धरी आणि दुसऱ्यानं कापी. हुओनं तलवार उपसली खरी, पण मला बाजूला टाकायला त्याला सवड मिळाली नाही. मी त्याच्या डाव्या हातातच राहिलो. आकडा आला तेव्हा त्यानं तलवारीऐवजी मला पुढे केलं. आकडा माझ्या लाकडात जो रुतला तो रुतलाच. पेंग तो सोडवायला ओढत राहिला, आणि तेवढ्यात मोकळी असलेली तलवार त्याच्या गळ्याशी जाऊन थांबली.

हुओनं त्याला जीवदान दिलं. आपण एका म्यानाकडून हरलो, हे सांगायची पेंगला लाज वाटली. “माझा शिष्य येऊन याचा हिशेब करील,” एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला. माझ्या अंगावर एक खोल खाच राहिली. पुढे कितीतरी लोकांनी ती पाहिली, पण म्यानाच्या खाचेची चौकशी कोण करतो?

आता त्या दुनियेतला एक रिवाज तुम्हाला सांगायला हवा. तिथं गुरू शिष्याला सगळं देत नाही. शेवटचा एक डाव राखून ठेवतो आणि मरणाच्या खाटेवरून कानात सांगतो. सगळं देऊन टाकलेल्या गुरूला शिष्य विचारत नाहीत, असं तिथल्या गुरूंना वाटतं. हुओला सातवा डाव त्याच्या गुरूनं तसाच दिला होता. म्हणून आठवा आपणही तसाच द्यायचा, हे त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं.

मग रुआन आली. नावाड्याची मुलगी, अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. रिवाजाप्रमाणे ती गुडघ्यांवर बसली आणि चहाचा कप दोन्ही हातांनी पुढे धरून थांबली. हुओनं विचार करायला चांगलाच वेळ घेतला. शेवटी कप घेऊन एक घोट प्यायला.

“अगं, चहा गार आहे.”

“गरमच होता, गुरुजी. तुम्ही हो म्हणायला उशीर केलात.”

स्वयंपाकघरातून हुओची बायको खो-खो हसली. ती तिथंच रुआनच्या प्रेमात पडली. रुआन तिला गुरुमाय म्हणायची. त्या नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. बघता बघता त्या अंगणात मुळ्याच्या लोणच्यावरून भांडणं, हसणं, रुसणं सगळं सुरू झालं. रुआन सातही डाव शिकली. ‘भाताला वारा’ तर ती हुओपेक्षा सुंदर करायची, हे मी अगदी जवळून पाहिलंय. पुढे हुओचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यानं तलवार आणि मला तिच्या कमरेला बांधलं. ते दिवस माझे सुखाचे होते. ती मला रोज तेल लावायची.

आणि एके दिवशी पेंगचा शिष्य खोंग अंगणात येऊन उभा राहिला. पाठीवर जोड-आकडे. त्यानं वाकून नमस्कार केला.

“बाबा, तुमचा हात थरथरतोय. तुमच्याशी लढलो तर लोक माझ्या तोंडावर थुंकतील. तुमचा शिष्य द्या. वसंतात, नदीकाठच्या खळ्यावर.”

“मीच ती,” रुआन म्हणाली. “येईन. तुम्ही जेवून जा.”

तो खरंच जेवून गेला. माणूस वाईट नव्हता हो.

त्या दिवसापासून हुओ दोन विळे हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहू लागला. विळे म्हणजे आकडे समजायचे. ती सातातला कोणताही डाव करो, तलवार विळ्यात अडकायचीच.

“परत अडकली! गुरुजी, हे विळे आहेत की लोहचुंबक?”

“होईल सवय.”

“अडकायची सवय झालीय मला. सुटायचं सांगा ना!”

हुओनं खुंटीकडे पाहिलं. खुंटीवर मी होतो. उत्तर तिथं टांगलेलं होतं, मित्रांनो, आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

“वेळ आली की सांगेन,” तो म्हणाला.

“वेळ काय पालखीत बसून येणारेय का?” आतून गुरुमाय कडाडली. हातातला झारा तसाच घेऊन ती बाहेर आली. “मरताना सांगणार म्हणे! आणि मरताना दातखीळ बसली तर? मग काय मी तुमच्या तोंडात झारा घालून डाव बाहेर काढू?”

“तुला नाही कळायचं त्यातलं.”

“नसेल कळत. पोर आपली आहे, एवढं कळतं मला.”

हुओनं विळे पुन्हा उचलले. पण ते बोलणं त्याच्या मनातून जाईना. लढाईच्या आदल्या दिवशी जेवताना त्यानं वाटी खाली ठेवली.

“रुआन, ते म्यान…” तो म्हणाला.

“तेल लावून ठेवलंय, गुरुजी.”

“बरं,” हुओ म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. पण म्यानाला तोंड असून उपयोग काय!

खळ्यावर मोठी गर्दी जमली होती. भुईमुगाच्या शेंगा फोडत, बाकांवर चढून माणसं वाट पाहत होती. आठवा डाव आज दिसणार, म्हणून लांबलांबचे तलवारबाज आले होते. जिवाच्या लढाईला उतरताना तिथं म्यान सोडून आपल्या वडीलधाऱ्याच्या हातात देतात. म्यान जवळ ठेवून जो उतरेल त्याला लोक भित्रा म्हणतात, कारण त्याला तलवार लवकर आत घालायची घाई झालीय असं ते समजतात.

रुआननं मला सोडलं. दोन्ही हातांवर आडवं धरून हुओपुढे केलं आणि मान लववली.

तेव्हा एक शब्द पुरला असता. “ठेव,” एवढंच त्यानं म्हणायचं होतं. ती हुशार होती, पुढचं तिचं तिनं ओळखलं असतं. हुओनं तोंड उघडलं. मागे बाकांवरची माणसं पुढे वाकली. ओळीनं सगळ्यांचे कान टवकारलेले. परक्यांच्या देखत घराण्याचा डाव कसा सांगायचा? त्यानं मला हातात घेतलं. त्याचा हात माझ्या खाचेवरच पडला.

“सकाळी नीट खाल्लंस ना?” त्यानं विचारलं.

“मांस भरलेले पाव खाल्ले, गुरुजी. गुरुमायनं उठू दिलं नाही.”

ती हसली आणि वळली.

ती फार सुंदर लढली. खोंगच्या बाहीच्या चिंध्या झाल्या. एकदा तर त्याला गुडघा टेकावा लागला. मग अडकायची तिथंच तलवार अडकली. आकड्यानं ती पिळून धरली. रुआननं जोर लावला, पण तलवार सुटेना. डावा हात रिकामाच होता. दुसरा आकडा आला आणि तिच्या उजव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूनं, खोल फिरला. तलवार खाली पडली.

खोंग लगेच मागे सरला. त्यानं तिचा जीव घेतला नाही. पण त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता.

“आठवा डाव राखून लढलीस?” तो ओरडला. “एवढा हलका वाटलो मी तुला?”

रुआननं हात छातीशी धरला होता. बोटांमधून रक्त गळत होतं.

“राखून नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडे होतं तेवढं सगळं काढलं.”

बाकांवरचं शेंगा फोडणं थांबलं. मग एकेक डोकं हुओकडे वळू लागलं. रुआननं मात्र त्याच्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्या मुठीत होतो. तो मला इतकं घट्ट धरून होता, की माझा एक सांधा तडकला.

गुरुमायनं रुआनला उरापोटाशी धरून बरं केलं. जखम भरली, पण हात काही उचलेना. बोटं मिटेनात. उन्हाळ्यात रुआन म्हणाली, “जाते मी नदीच्या घाटावर, माझ्या बाबांना सोबत होईल.” गुरुमायनं तिला पुरचुंडी बांधून दिली आणि त्यानंतर ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. चहा द्यायची, बोलायची नाही. हुओनं गावोगावच्या तरुण तलवारबाजांना आठवा डाव शिकवतो म्हणून निरोप धाडले. कुणी आलं नाही. आपल्या पोरीला जो देत नाही तो आपल्याला काय देणार, असं लोक म्हणाले. त्यांचं काय चुकलं?

पिकं निघाल्यावर हुओनं तलवार आणि मला पाठीला बांधलं आणि तो घाटावर गेला. रुआननं तिथं रश्शातल्या शेवयांचं दुकान टाकलं होतं. ती डाव्या हातानं कणीक मळत होती. उजवा बाजूला लोंबत होता. तिनं त्याला पाहिलं, हात पुसला आणि त्याच्यापुढे गरम वाडगा आणून ठेवला.

“गुरुमाय कशी आहे?”

“बोलत नाही माझ्याशी.”

“बोलेल.”

हुओनं वाडग्याला हात लावला नाही. तो उठला. दुकानात परके बसले होते, नावाडी होते, एक-दोन तलवारबाजही होते. आज त्याला कुणाचीच पर्वा नव्हती. त्यानं तलवार उपसली, मला डाव्या हातात धरलं आणि आठवा डाव करून दाखवला. आकडा असा येतो. तेव्हा म्यान पुढे करायचं. आकडा लाकडात रुतला, की तलवार मोकळी. त्यानं एकदा दाखवला, मग सावकाश, तुकडे पाडून, पुन्हा दाखवला. एवढ्या वर्षांत त्यानं कुणालाच इतकं नीट शिकवलं नव्हतं.

रुआन कणकेवर हात ठेवून पाहत राहिली. तिचे डोळे अगदी पूर्वीसारखे चमकले.

“सोपा आहे की! एवढाच होता?”

“एवढाच,” हुओ म्हणाला.

तिनं मान हलवली. डावा खांदा जरा पुढे केला, जागा मनाशी जमवून पाहिली. मग ती थांबली. तिनं विचारलं ते रागानं नाही, अंगणात शंका विचारायची तसंच विचारलं.

“डाव्या हातात म्यान, उजव्यात तलवार. मग गुरुजी, आता हा डाव मी कोणत्या हातानं करू?”

हुओ खाली बसला. तो रडला, मित्रांनो. सगळ्या दुकानादेखत, तोंडावर हात न घेता रडला. शेवया गार झाल्या. रुआन त्याच्या शेजारी बसून राहिली. जाताना त्यानं तलवार नेली आणि मला तिथंच विसरला. की मुद्दाम ठेवलं, ते मला कधी कळलं नाही. त्याच वर्षी हिवाळ्यात तो वारला.

मला रोगण लावा, माझं कडं घासून लख्ख करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं काय, मी लाकूड आहे. पण तुम्हाला काही चांगलं येत असेल, एखादा डाव, एखादं गाणं, लोणच्याची एखादी कृती, तर ते पोटात धरून बसू नका. पोटात धरून बसायला आम्ही म्यानं आहोत. ज्याला द्यायचं त्याला देऊन टाका, आणि त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत तोवर द्या.