येथे या नावाचे कोणी राहत नाही

येसाजीमामांनी लोगोचा कागद चष्म्याजवळ नेला, खालचे कन्नड लिपीतले नाव वाचले आणि कागद उलटा करून टीपॉयवर ठेवला.

"रंग चांगला आहे," ते म्हणाले.

"आणि नाव?" श्रीरंगने विचारले.

मामा पेल्यातली कॉफी वाटीत आणि वाटीतली पुन्हा पेल्यात ओतत राहिले. ती केव्हाच निवली होती.

आठ महिन्यांपूर्वी श्रीरंगची आई त्याच्या एचएसआर लेआउटमधल्या घरी वारली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर ती सतरा दिवस होती. तेवढ्या दिवसांत तिची काळजी घेणाऱ्या चार बायका बदलल्या. चौथी तर फोन बंद करून निघूनच गेली. त्यानंतर श्रीरंगने नोकरी सोडली. आजाऱ्यांच्या घरी शिकलेली, टिकणारी माणसे पाठवणारी कंपनी काढायची, हे त्याने ठरवले आणि तिला आईचे नाव द्यायचे, हेही. तिच्यासाठी करण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. नोंदणीचा अर्ज आज चार वाजता जायचा होता. त्याआधी तिच्या एकुलत्या भावाला सांगावे म्हणून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमला आला होता.

"मामा, आवडलं नाही का?"

"ही नीलिमा कोण?"

श्रीरंग हसला. मामा हसले नाहीत.

"माझी बहीण सोयरा. आमच्या आजीचं नाव तिला. लग्नात तुमच्या लोकांनी ताटात तांदूळ पसरले, तुझ्या बापानं त्यात अंगठीनं नाव लिहिलं. मी मागंच उभा. मोठ्यानं वाचून दाखवलं तर ही नीलिमा! सोयरा म्हणे फार जुनाट वाटतं. वीस वर्षं त्या नावानं हाक मारल्यावर ओ देत होती रे ती. तिला कुणी विचारलं?"

सोयरा हे नाव श्रीरंगने एकदा आईच्या शाळेच्या दाखल्यावर पाहिले होते. जुन्या पत्त्याकडे पाहावे तसे पाहिले आणि दाखला परत फाइलीत ठेवला होता.

"पण तुम्ही तर तिला लाडानं पुट्टी म्हणायचात."

"मग काय म्हणू? तुझ्या बापानं दिलेलं म्हणू?" मामांनी पेला खाली ठेवला. "लग्नानंतर मी तिला पहिलं पत्र टाकलं. आत सगळं कन्नड. आम्ही दोघं कन्नड शाळेतले, मराठी बोलायची ती घरात, लिहायची कुठं? शेवटपर्यंत ती मला कन्नडमध्येच लिहायची. पाकिटावर इंग्लिशमध्ये सोयरा आणि तुमचा पुण्याचा पत्ता. आठ दिवसांत परत आलं. खाली मराठीत काहीतरी लिहिलेलं. ती अक्षरं मला स्वल्प स्वल्पच येतात, म्हणून कोपऱ्यावरच्या हिंदी टीचरकडं नेलं. त्यांनी वाचलं, येथे या नावाचे कोणी राहत नाही."

बाहेर एका रिक्षावाल्याचे कुणाशी तरी सुट्ट्यावरून भांडण चालले होते. ते संपेपर्यंत मामा थांबले.

"पुढचं पत्र नीलिमाला टाकलं. ते पोचलं. पण तुझ्या बापाचा उंबरा मी ओलांडला नाही. मामा पुण्याला का येत नाही, म्हणून लहानपणी रडायचास ना? ते यासाठी."

"आईला विचारलं नाहीत कधी?"

"काय विचारू? तुझ्या नवऱ्यानं असं केलं, म्हणून तिला सांगू? दुखलं असतं तिला."

श्रीरंगने टीपॉयवरचा कागद उचलून त्याची चौपदरी घडी केली.

"बदलतो मी. सोयरा ठेवतो. कंपनीतल्या पार्टनरला सांगतो, अजून वेळ आहे."

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात एक पाकीट.

"बघ. बापाचं अक्षर तू लगेच ओळखशील."

शाई फिकी झाली होती, पण ओळ स्पष्ट वाचता येत होती. एकाही अक्षरावर शिरोरेषा नव्हती. प्रत्येक अक्षर गोल, शेजारच्यापासून सुटे. श्रीरंगने ही अक्षरे शाळेच्या वह्यांवर पाहिली होती, डाळींच्या डब्यांवर आणि शेवटी उशाशी ठेवलेल्या गोळ्यांच्या यादीवर. तुझ्या आईच्या अक्षरांना छप्पर नाही, असे म्हणून बाबा तिला चिडवत. ते स्वतः आधी पानभर रेघ मारून घेत आणि मग तिला शब्द लटकवत.

कुणी समोर उभे राहून लिहून घेतले होते, की पोस्टमनला दारात थांबवून तिने आपणहून लिहिले होते, हे सांगणारे आता कोणी नव्हते. एवढेच दिसत होते की लिहिताना हात थरथरला नव्हता.

"बापाचंच ना?" मामांनी विचारले.

"हो."

फोन वाजला. मुग्धा होती, त्याची भागीदार.

"अरे, सीए निघतायत. नीलिमाच फायनल ना? आणि प्लीज, आता जरा थांब म्हणू नकोस. लोगोवाला माझा जीव घेईल."

मामा पुढे झुकले होते. त्यांनी एक हात कानामागे धरला होता.

"नीलिमाच," श्रीरंग म्हणाला.

"थँक गॉड!" म्हणून मुग्धाने फोन ठेवला.

मामांचा कानामागचा हात खाली आला.

"आत्ता तर सोयरा म्हणालास."

"हो, मामा."

"मग?"

श्रीरंगने पाकिटाकडे पाहिले. चाळीस वर्षे कपाटात राहूनही पाकिटाची एक कड दुमडली नव्हती.

"तेच राहू दे," तो म्हणाला.

"सरी, राहू दे. शेवटी बापाचाच मुलगा तू."

"गुरुवारी ऑफिसची पूजा आहे. याल ना?"

"तो असेल?"

"बाबा येतायत पुण्याहून."

मामांनी हात पुढे केला. निरोपाचा समजून श्रीरंगने तो हातात घेतला. मामांनी हात सोडवला आणि पाकिटाकडे बोट केले.

"ते दे इकडं. पुरावा आहे तो."

त्यांनी पाकीट पिशवीत सरकवले, पिशवीचे तोंड दोनदा दुमडले आणि कपाटाकडे निघाले.