नववा ब्लॉक

कामानं थकायला बद्रीनाथ मिस्तरीची ना नव्हती. पण तीच गाडी तिसऱ्यांदा दारात आली की हाडन् हाड दुखायला लागतं. औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत त्याचं गॅरेज. बॅटरीच्या गाड्यांचं काम करणारे शहरात थोडेच, म्हणून लोक त्याला मोठा जाणकार समजत. त्या समजुतीचाही त्याला आता कंटाळा आला होता.

गाडी सोनाजीची. खुलताबादच्या पुढं डोंगरावर त्याची मेंढरं. बायकोला, बानाबाईला, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी शहरात आणावं लागे. एसटीत तिला उलट्या होत, म्हणून त्यानं ही जुनी हायब्रीड घेतलेली. नोव्हेंबरात ती घाटात बंद पडली. बानाबाई दोन तास उन्हात बसून राहिली, डायलिसिस हुकलं आणि पुढचे आठ दिवस तिनं दवाखान्यात काढले.

तेव्हा बद्रीनाथनं उभ्या गाडीला मीटर लावला होता. सगळे सेल सारखे दिसले. गिऱ्हाइकाला काहीतरी सांगायला हवं, म्हणून त्यानं विचारलं, "पाण्यातून घातली होती का?"

सोनाजीला खोटं बोलता येत नव्हतं. "व्हय. एकदा नाल्यातून काढली. मेंढरू आजारी व्हतं, डाक्टरकडं न्यायचं व्हतं."

"मग तेच. पाणी शिरलं आत."

बद्रीनाथ हे बोलून विसरलाही. सोनाजीच्या घरात मात्र ते वाक्य मुक्कामाला राहिलं. एका मेंढरासाठी ह्यानं मला मरणाच्या दारात बसवलं, असं बानाबाईच्या मनानं घेतलं. दोन महिने ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती.

आज तिला दवाखान्यात सोडून सोनाजी गॅरेजमध्ये आला. "काल परत घाटात बॅटरीचा दिवा लागला. मिस्तरी, आज काय ते खरं सांगा. ती म्हणती, आता ह्या गाडीत बसायची नाय आन् दवाखान्यात बी यायची नाय."

बद्रीनाथनं पुन्हा मीटर लावला. पुन्हा सगळं सारखं.

"बसल्या जागी सगळीच मेंढरं धडधाकट दिसत्यात," सोनाजी हळूच म्हणाला. "चढाला लावा, म्हंजी कंचं मागं पडतं ते कळतं."

बद्रीनाथला राग आला, कारण ते बरोबर होतं. भार दिल्याशिवाय कमजोर सेल सापडत नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोनदा घाटापर्यंत जायचा कंटाळा केला, एवढंच. आणि त्या कंटाळ्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं होतं ते आत्ता कळलं.

दौलताबादचा घाट लागला. सोनाजी गाडी चालवत होता. बद्रीनाथच्या मांडीवरच्या स्क्रीनवर बॅटरीच्या चौदा ब्लॉकचे, म्हणजे सेलच्या गटांचे, आकडे हलत होते. चढ लागताच तेरा जरासे खाली आले. नववा एकदम ढासळला.

गॅरेजमध्ये परतल्यावर सोनाजी रिक्षानं बायकोला आणायला गेला. बद्रीनाथनं रबरी हातमोजे चढवून बॅटरी बाहेर काढली, नवव्या ब्लॉकचे सेल सुटे केले आणि त्यांना हेडलाइटचा बल्ब जोडला. सेल मुकाट्यानं भार ओढत राहिले. त्यांच्यात काहीच खोट नव्हती. मग त्यानं त्यांना जोडणारी तांब्याची पट्टी उलटी केली. नटाखाली वीज अडवणारा हिरवा कळंक चढला होता आणि त्याच्या कडेला कुंकू होतं.

नाल्यात कुंकू नसतं.

गाडी पहिल्यांदा आली होती, नोव्हेंबरच्या आधी, तेव्हा खंडेनवमी होती. एक सेल बदलायला आलेली हीच बॅटरी टेबलावर उघडी होती. दरसालाप्रमाणे त्यानं हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला आणि पाणी सगळ्यांवर शिंपडलं. नंतर फडक्यानं पुसलंही होतं. नटाखाली फडकं पोचत नाही, हे सांगायला दुसरा मिस्तरी नको होता.

पितळी ब्रशनं पाच मिनिटांत पट्टी लख्ख झाली असती. कुणाला पत्ता लागला नसता. अंगात इतका शीण होता की बद्रीनाथनं ब्रश हातात घेतलाही. मग तो बाजूला ठेवून रिक्षाची वाट बघत बसला.

बानाबाई आली ती भिंतीला धरून. दंडावर पट्टी होती आणि चेहरा पार उतरलेला. बद्रीनाथनं तिला स्टूल दिलं आणि तांब्याची पट्टी तिच्या हातात ठेवली.

"काकू, नाल्याच्या पाण्यानं काही झालं नव्हतं. पूजेचा नारळ मी फोडला, त्याचं पाणी आत गेलं. मी तपासलं नाही आणि ह्यांच्यावर ढकललं. चूक माझी आहे."

"देवाचं पाणी हाय मिस्तरी, जाऊ द्या," सोनाजी म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की बद्रीनाथला शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

बानाबाईनं त्या कुंकवावरून बोट फिरवलं. मग ती नवऱ्याकडं वळली. "दोन महिने माजा राग सोसला. एकदा तरी उलटून बोलायचं व्हतं."

"नाल्यातून तर घातलीच व्हती ना मी."

पट्टी तिनं बद्रीनाथला परत दिली.

"ते मेंढरू जगलं का?" तिनं विचारलं. दोन महिन्यांत तिनं हे विचारलंच नव्हतं.

"नाय," सोनाजी म्हणाला. "नाल्याच्या पल्याड पोचेस्तोवर गेलं."

बानाबाईनं उठायला हात पुढं केला. ह्या वेळी भिंतीकडं नाही, त्याच्याकडं.