रिकामं तापलेलं खापर

मित्रांनो, असं नाक मुरडून बघू नका. काळा पडलोय, कडेला चीर आहे, म्हणून मी काही उकिरड्यावरचा नव्हे. मी खापर बोलतोय. आमच्या खानदेशात ज्यावर मांडे भाजतात ते, पालथ्या घागरीसारखं, मातीचं. भांडण झालं की एकमेकांच्या माथी फोडायला तुम्हाला आमची आठवण येते. ताटात गरम मांडा पडला की मात्र कौतुक होतं पुरणाचं आणि तुपाचं! जाऊ द्या. रागावणं माझ्या मातीतच आहे.

धुळ्यात पांझरेच्या काठी हिलाल कुंभाराच्या भट्टीत मी भाजलो. साल असेल अडुसष्ट. आखाजी तोंडावर आली होती, आणि बेबाबाईचं जुनं खापर मांजराने पाडलं होतं, म्हणून मी तिच्या घरी आलो. तिचा नवरा गिरणीत होता. तो मी येण्याआधीच वारला होता आणि दोन खोल्यांत ती एकटी उरली होती. तिचा मोठा भाऊ शालिग्राम सोनगीरहून वरचेवर यायचा. माणूस मायेचा, पण त्याचं एकच पालुपद: इथलं बिऱ्हाड मोड आणि माहेरी चल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. या आखाजीला तिला न्यायची ती कायमचीच, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

बेबाबाईला जायचं नव्हतं. भावजयीच्या चुलीपुढे उरलेला जन्म काढायचा, हे तिला नकोसं वाटायचं. लोकांना मांडे करून द्यावेत आणि आपलं आपण पोट भरावं, असं तिला फार वाटायचं. पण हिंमत होत नव्हती. आधी हात बसू दे, मग बघू, असं स्वतःशी पुटपुटत ती दारापासून चुलीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालायची. मी कोपऱ्यात पडून ते ऐकायचो आणि जळफळायचो. अगं बाई, मला एकदा चुलीवर तरी चढव!

अशात एक दिवस गुलाबबाई दारात उभ्या राहिल्या. मोठ्या बाजारपेठेतल्या कापडदुकानाच्या मालकीणबाई, मारवाडी जैन. त्यांनी बेबाबाईच्या हातचा मांडा कुणाकडे तरी चाखला होता.

"माझ्या लेकीचं लग्न आखाजीचं आहे," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी संध्याकाळी वऱ्हाड जेवेल. मांडे तुम्ही कराल?"

बेबाबाईने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हो, करीन की."

गुलाबबाई गेल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. सणासुदीला घरच्यापुरते मांडे करणारी ती, आणि आता अख्खं वऱ्हाड! त्यात मी कोरा. नवं खापर हळूहळू तापवून, निववून, पुन्हा तापवून मुरवावं लागतं. तेवढा धीर आम्हा दोघांनाही नव्हता. पहिला मांडा मला चिकटून फाटला. दुसऱ्याला भोक पडलं. ते सगळे शेजारच्या शेळीने खाल्ले. ती तेवढी खूश झाली.

गल्लीत तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. फजिती झाली तर हसं होईल ना! शेजारीण झुंबरबाई दारातून विचारायची, काय करपलं गं? तर ही म्हणायची, काही नाही, भाकरी.

तो दिवस उजाडला. गुलाबबाईंच्या परसात, लिंबाखाली, बेबाबाईने चूल मांडली. मला चढवलं. खाली पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्या पेटल्या. दुपार कलली होती, पण बाईला घाई नव्हती. तिच्या माहितीतल्या लग्नांत दिवेलागण झाल्याशिवाय पत्रावळी मांडायचंच कुणी नाव काढत नसे. संध्याकाळचं जेवण म्हणजे रात्रीचंच, हे तिने धरून ठेवलं होतं. विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

गुलाबबाई बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या.

"अहो, अजून पीठच मळताय? आमच्यात दिवस बुडाला की कुणी घोटभर पाणीसुद्धा घेत नाही. पंगत त्याआधी उठली पाहिजे! वऱ्हाड उपाशी झोपलं तर मी लेकीच्या सासूला तोंड कसं दाखवू?"

त्या आत पळाल्या. बेबाबाईने वर पाहिलं. ऊन लिंबाच्या निम्म्यावर आलं होतं. एका खापराने, एका बाईच्या हाताने हे होणं शक्य नव्हतं. तरी तिने एक मांडा हातावर घेतला, पण घाईत तो कोपरापाशीच फाटला. ती मटकन खाली बसली.

नेमका त्याच वेळी शालिग्राम आला. घराला कुलूप होतं, पण तिला डोक्यावर खापर घेऊन बाजारपेठेकडे जाताना एका पोराने पाहिलं होतं, त्यावरून विचारत विचारत इथवर पोचला होता. बहिणीची अवस्था बघून त्याचे डोळे भरले.

"बेबा, पुरं व्हयनं आते," तो म्हणाला. "सोड ते बठ्ठं. चाल सोनगीरले."

तिने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं! ही आता उठेल, हात धुईल आणि भावाच्या मागून निघून जाईल. माझ्याखाली जाळ भडकला होता आणि माझ्यावर काहीच नव्हतं. मित्रांनो, खापराला आगीचं भय नाही. भय आहे रिकामं तापण्याचं. मी कढत होतो, तडफडत होतो, आणि शेवटी माझ्या कडेला आवाज झाला, तड्!

त्या आवाजाने बेबाबाई ताडकन उठली. माझ्या कडेची चीर पाहिली, वर काहीच न टाकता मला तापवलंय हे तिच्या ध्यानात आलं. मग भावाकडे वळली.

"भाऊ, मी येवाव नही. तू झुंबरअक्कानाकडे जाय. तिले सांग, बेबाले एकटीले जमत नही. बठ्ठ्या बाया खापर लई या."

हे सांगताना तिला रडू फुटलं. इतके दिवस ज्या गल्लीपासून तिने सगळं लपवलं, तिच्यापुढेच हात पसरायचे होते. शालिग्राम क्षणभर घुटमळला. मग धोतर सावरत धावत सुटला.

उद्या आखाजी, त्यामुळे घरोघरी खापरं काढून तयार होती. थोड्या वेळाने परसाच्या दारातून एक लोटगाडी आत आली. गाडीत गोणपाटांवर खापरं, मागे पदर खोचलेल्या बायका, आणि गाडी ढकलत घामाने निथळणारा शालिग्राम!

"आम्ही काय परक्या शेतस का वं?" झुंबरबाई आल्या आल्या कडाडली. "म्हणे भाकरी करपनी!" आणि लगेच चुलीसाठी दगड मांडायला लागली.

मग काय विचारता! रांगेने चुली पेटल्या. कणकेचा उंडा पुरणाने भरायचा, दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा, खापरावर झोकायचा. झुंबरबाईचे मांडे कडेला जाड होत होते. खरं सांगतो, मला थोडा मत्सरही वाटला. पण चीर घेऊन मी शेवटपर्यंत टिकलो. शेवटची पंगत उठली तेव्हा गच्चीच्या कठड्यावर अजून ऊन होतं. गुलाबबाईंनी बेबाबाईचे हात धरले आणि शिरपूरच्या नणंदेकडच्या लग्नाचं तिथेच सांगून टाकलं. या वेळी बाईने आधी विचारलं, जेवण किती वाजता?

दुसऱ्या दिवशी ती सोनगीरला गेली, माहेरवाशीण म्हणून. झोके घेतले, गाणी म्हटली आणि परत आली. पोचवायला शालिग्राम होता. एसटीत साऱ्या वाटेने त्याने मांडीवर काहीतरी जपून धरलं होतं. घरी येऊन त्याने गोणपाट सोडलं. सोनगीरच्या कुंभाराकडची दोन कोरी खापरं होती.

पुढे बेबाबाई आणि गल्लीतल्या बायका मांडे करायला शिरपूरला गेल्या, जळगावला गेल्या. दुष्काळाच्या सालांत आमंत्रणं आटली, तेव्हा मी वर्षभर पोत्यांमागे धूळ खात पडलो. कुणी माझ्यावर चिंध्या ठेवल्या. फार लागलं मनाला. पण बेबाबाईने मला फेकू दिलं नाही. चीर राखमातीने लिंपली आणि मला एक वेगळंच काम दिलं. एखादी नवी बाई कामाला आली आणि आपला हात बसलेला नाही म्हणाली, की तिला माझ्यासमोर बसवायची. फाटला मांडा तर फाटू दे, हे खापर ओरडत नाही, असं सांगायची. ओरडतो मी, पण त्यांना ऐकू येत नाही.

मित्रांनो, आम्हा मातीच्या भांड्यांना जपा. आपटू नका, तापलेल्या अंगावर गार पाणी ओतू नका. आणि एवढं एक ऐका. खापर चुलीवर चढवलं असेल तर त्याला रिकामं तापवू नका. टाका काहीतरी, वाकडं, फाटकं का होईना. शेळ्या पुष्कळ आहेत.