मीठबाईची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. टेबलांपाशी शोधू नका. मी इथे, स्वयंपाकघराच्या दाराशी. कांद्यांची टोपली जिच्यावर ठेवलीय ना, तीच मी.

एका सभागृहासाठी सुताराने आम्हा बहिणींना घडवलं. माझं तारुण्य भाषणं ऐकण्यात गेलं. भाषण लांबलं की माणसं कशी चुळबुळतात, ते मला विचारा! पुढे तिथे गुबगुबीत आसनं आली आणि आमची रवानगी अडगळीत झाली. उंदरांनी माझी वेताची बैठक कुरतडली. अशा अवस्थेत आचारीबुवांनी मला उचललं. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी खानावळ काढली होती. रोज एकच पदार्थ, रस्सा. कधी भाज्यांचा, कधी मासळीचा. त्यांनी माझी बैठक नव्याने विणून घेतली आणि मला खिडकीजवळ मांडलं.

तिथे दर आठवड्याला तिघी मैत्रिणी यायच्या. एक नर्स, एक मास्तरीण आणि एक कपडे शिवणारी. ही शिवणारी माझ्यावर बसायची. पहिला घास तिचा. डोळे मिटून ती चव घ्यायची आणि आत हाक मारायची, "बुवा, मीठ कमी हं!" म्हणून तिचं नावच मीठबाई पडलं. बुवा वरवर कुरकुरायचे. पण तिची मान डोलली की त्यांचा दिवस सार्थकी लागायचा.

एकदा मीठबाई तापाने चांगलीच आजारी पडली. बरी होऊन आली, माझ्यावर टेकली आणि मला चटकन कळलं, बाई हलकी झालीय. आत हाक गेली नाही. "छान आहे सगळं," एवढं म्हणून ती भात चिवडत राहिली. पुढच्या आठवड्यांतही तेच. अशक्तपणा असेल, असं मैत्रिणींनी धरलं.

मग एका संध्याकाळी घोटाळा झाला. रश्श्यात बुवांनी मीठ घातलं आणि त्यांच्या बायकोनेही घातलं. पहिल्या घासालाच मास्तरणीला ठसका लागला. नर्स घटाघटा पाणी प्यायली. मीठबाई शांतपणे जेवत होती.

"आज मस्त जमलंय, नाही?"

नर्सने तिच्या हातातला चमचा काढून घेतला. "कधीपासून चव लागत नाहीये तुला?"

मीठबाईची मान खाली गेली. "तापापासून. वासही येत नाही. माती खाल्ली काय न् रस्सा खाल्ला काय, मला सारखंच."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझ्यासमोर जेवायला तुम्हाला अवघड वाटलं असतं. हळूहळू इथे यायचंच बंद झालं असतं आपलं."

"वेडी आहेस का? आम्ही काय रश्श्यासाठी येतो?"

"मी येते हं रश्श्यासाठी," मास्तरीण म्हणाली. रडता रडता मीठबाईला हसू फुटलं. ते हसू मला चारही पायांपर्यंत जाणवलं.

दुसऱ्याच दिवशी नर्स तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. चव परत येईल किंवा येणारही नाही, रोज वास घेत राहा, असं ते म्हणाले. मग बुवा जेवणाआधी तिच्यापुढे वाट्या मांडू लागले. लिंबाची साल, लवंग, मिरपूड. ती डोळे मिटून हुंगायची आणि मान हलवायची. नाही. मास्तरीण म्हणायची, "जाऊ दे, आज मी तुझ्या वाटचं खाते," आणि खरंच खायची.

असे बरेच आठवडे गेले. एके दिवशी बुवा गिऱ्हाइकांशी गप्पांत रंगले होते. मीठबाई एकदम ताठ झाली.

"बुवा, काहीतरी करपतंय!"

बुवा आत धावले. रस्सा पार बुडाला लागला होता. काळं पडलेलं पातेलं घेऊन ते बाहेर आले ते हसतच. डोळ्यांतलं पाणी धुराचं, असं म्हणाले. आपलं अन्न करपल्याचा एवढा आनंद झालेला आचारी मी दुसरा पाहिला नाही. मैत्रिणींनी तर तिला अशी मिठी मारली की तिघींचा भार माझ्यावर! माझा मागचा पाय तेव्हाच मोडला.

बाईची चव बरीचशी परतलीय. गोड अजून नीट लागत नाही म्हणते. पाय जोडला, तरी गिऱ्हाईक बसण्याजोगी मी उरले नाही, म्हणून दाराशी आले. तक्रार नाही. इथून खिडकीजवळचं टेबल दिसतं, आणि कांदे कधी चुळबुळत नाहीत.

तुम्हीही कधी सोबत्यांबरोबर जेवायला बसाल. एखादा नुसताच "छान आहे" म्हणून घास चिवडत असेल, तर क्षणभर आपला हात थांबवा आणि त्याला विचारा. एवढंच मागणं. बुवांची बायको येतेय. तिला कांदे हवेत.